दाताची कीड आणि कारणाचा प्रश्न

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला दातांशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. दंतवैद्यक हा माझा प्रांत नव्हे. आपल्या नवी मुंबईत नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे एवढ्या पट्ट्यात पाच तरी डेंटल कॉलेजं आहेत. दाढ दुखत असेल तर तिकडे जावं, माझ्याकडे येऊ नये. परंतु 'कारण म्हणजे काय' हा प्रश्न मी बरीच वर्षं वर्गात शिकवला, आणि त्यासाठी दाताच्या किडीइतकं घरगुती उदाहरण दुसरं सापडणं कठीण. शिवाय या प्रश्नाचं उत्तर आपण काय देतो, त्यावर घरातल्या लहान मुलाच्या दाढा टिकतात की जातात हे बरंचसं ठरतं.

सुरुवात शब्दापासून करू. आपण म्हणतो, 'दाताला कीड लागली.' धान्याला कीड लागते, कापसाला लागते, जुन्या पोथीला लागते. तसाच दात. आता बघा, या साध्या वाक्यात एक अख्खा सिद्धांत दडलेला आहे. कोणीतरी बाहेरून आलं, त्यानं पोखरलं, त्याला हुसकून लावलं की काम झालं. हा सिद्धांत फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत दंतरोगांच्या यादीत 'कृमिदंतक' नावाचा रोग आहे. बॅबिलोनियातल्या मातीच्या विटांवरही दातातल्या किड्याची कथा कोरलेली सापडते. आपल्याकडे खेडोपाडी रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घ्यायची, म्हणजे कीड पडते, असा उपाय करत. युरोपात हेच खुरासानी ओव्याच्या बियांनी करत. गंमत अशी, की भाजल्यावर ती बी फुटते आणि आतला कोंब बाहेर येतो. तो हुबेहूब अळीसारखा दिसतो. रोग्याला वाटायचं, डोळ्यांदेखत कीड पडली!

पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ साली ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं स्पष्ट सांगितलं, की किडलेल्या दातांत मला असे किडे कधी दिसले नाहीत. पण त्याच्याही आधी, १६८३ मध्ये, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहुक या कापडव्यापाऱ्यानं स्वतःच्या दातांवरचा पांढरट थर खरवडला, आपण घडवलेल्या भिंगाखाली ठेवला, आणि त्यात त्याला असंख्य हालणारे सूक्ष्म जीव दिसले. म्हणजे अळी नव्हती हे खरं, पण दातावर कोणीच राहत नाही हेही खरं नव्हतं. 'कीड' हा शब्द अर्धा बरोबर निघाला. आणि मंडळी, अर्धा बरोबर असलेला शब्द पूर्ण चुकीच्या शब्दापेक्षा जास्त दिशाभूल करतो.

तर मग दातावर राहणारे हे कोण, आणि ते तिथे टिकतात कसे?

दाताचं बाहेरचं आवरण म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबानं त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक. त्यात जिवंत पेशी नसतात. कातडी खरचटली तर नवी येते, हाड मोडलं तर जुळतं, पण इनॅमलचा तुकडा गेला की तो शरीराला पुन्हा बनवता येत नाही. हे लक्षात ठेवा.

जिवाणू थेट या इनॅमलवर बसत नाहीत. तुम्ही सकाळी दात घासून चूळ भरली, की काही मिनिटांतच लाळेतली प्रथिनं इनॅमलवर एक पातळ, न दिसणारा पापुद्रा तयार करतात. भिंतीला रंग देण्याआधी अस्तराचा हात मारतात ना, तसं. हा पापुद्रा वाईट नाही, तो दाताचं रक्षणच करतो. पण त्याच प्रथिनांना धरण्यासाठी काही जिवाणूंच्या अंगावर योग्य असे रेणू असतात, काहींना बारीक तंतू असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते तिथे बसतात. पहिले येणारे बहुधा निरुपद्रवी असतात. 'स्ट्रेप्टोकोकस' कुळातल्या काही जाती, 'ॲक्टिनोमायसिस' वगैरे. त्यांच्या अंगाला धरून दुसरे येतात, दुसऱ्यांना धरून तिसरे. दातावर थर चढतो. यालाच दंतवैद्य 'प्लाक' म्हणतात. माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. अर्थात एकाच तोंडात त्या सगळ्या नसतात. ही एक वस्तीच आहे, आणि बहुतेक रहिवासी शांतपणे नांदतात.

या वस्तीत एक रहिवासी आहे, 'स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स'. जे. किलियन क्लार्क या ब्रिटिश संशोधकानं १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली तो कधी गोल, कधी लांबट दिसायचा, म्हणून त्याला बदललेला, म्यूटंट, समजून हे नाव दिलं. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

या म्यूटन्सचं वैशिष्ट्य साखरेशी जोडलेलं आहे. आपली उसाची साखर, जिला रसायनशास्त्रात सुक्रोज म्हणतात, ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीनं बनते. हा जिवाणू ती जोडी तोडतो आणि त्यातल्या ग्लुकोजची लांबच लांब साखळी विणतो. ही साखळी चिकट असते, पाण्यात सहज विरघळत नाही. म्हणजे साखर खाऊन तो नुसतं पोट भरत नाही, तर त्याच साखरेचा गोंद करून दाताला घट्ट चिकटतो, आणि शेजाऱ्यांनाही चिकटवून घेतो. सुट्या ग्लुकोजपासून त्याला हा गोंद करता येत नाही, त्यासाठी सुक्रोजच लागतं. आता आपल्याकडे 'साखर वाईट, गूळ चांगला' असं म्हणायची पद्धत आहे. गुळाचे इतर गुण असतील ते असोत, पण गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, वर तो चिकट. दाताच्या बाबतीत कोल्हापूरचा गूळ आणि कारखान्याची साखर एकाच पंगतीत बसतात.

उरलेली साखर हे जिवाणू आंबवतात, आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं. दही लागतं तेव्हा दुधात जे आम्ल होतं, तेच. प्लाकच्या थराखाली ते कोंडून राहतं. आम्लता मोजायचं माप म्हणजे पीएच. तो आकडा साधारण ५.५ च्या खाली गेला, की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकानं १९४० च्या दशकात दाखवून दिलं, की साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातावरचा पीएच कोसळतो, आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. त्या वेळात आम्ल धुऊन काढण्याचं, त्याची धार बोथट करण्याचं आणि विरघळलेली खनिजं दाताला परत देण्याचं काम लाळ करते. दिवसभर ही देवाणघेवाण चालू असते. घेतलेलं परत मिळालं, तर दात शाबूत. घेणं जास्त आणि देणं कमी असं महिनोन्महिने चाललं, तर आधी पांढरा डाग, मग खड्डा. पांढऱ्या डागापर्यंत मागे फिरता येतं. खड्डा पडला की नाही.

इथवर विज्ञान झालं. आता माझ्या प्रांतात येतो. सांगा, किडीचं कारण कोणतं? जिवाणू, साखर, की दात?

विज्ञानानं हा प्रश्न फार सुरेख प्रयोगांनी विचारला. १९५४ मध्ये फ्रँक ऑरलंड आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेले उंदीर घेतले आणि त्यांना भरपूर साखरेचं खाणं दिलं. दात किडले नाहीत. म्हणजे साखर एकटी पुरेशी नाही. १९६० मध्ये पॉल कीज यांनी दाखवलं, की ज्या हॅमस्टरांचे दात किडत नव्हते, त्यांना किडलेल्या दातांच्या हॅमस्टरांबरोबर ठेवलं की त्यांचेही किडू लागतात. म्हणजे काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जातं. सगळ्यांना वाटलं, गुन्हेगार सापडला, म्यूटन्स! पण पुढे असेही लोक आढळले, की ज्यांच्या तोंडात म्यूटन्स आहे पण कीड नाही, आणि कीड आहे पण म्यूटन्स जवळजवळ नाही. आम्ल करणारे आणि आम्लात तग धरणारे इतरही जिवाणू निघाले. शेवटी १९९४ मध्ये फिलिप मार्श यांनी वेगळी मांडणी केली. कीड म्हणजे बाहेरच्या शत्रूचा हल्ला नव्हे, ते वस्तीचं बिघडलेलं संतुलन आहे. वारंवार साखर आली की वारंवार आम्ल होतं. त्या आम्लात शांत रहिवासी मागे पडतात, आम्ल सोसणारे बळावतात, आणि ते आणखी आम्ल करतात. परिस्थितीनं रहिवासी बदलतात, आणि बदललेले रहिवासी परिस्थिती आणखी बिघडवतात.

मंडळी, हे वाचताना मला आपले नैयायिक आठवले. न्यायदर्शनात घडा का होतो, या प्रश्नाला 'कुंभारामुळे' असं एका शब्दाचं उत्तर चालत नाही. माती हवी, चाक हवं, दांडा हवा, कुंभार हवा. या सगळ्या समुच्चयाला ते 'सामग्री' म्हणतात. सामग्री पूर्ण झाली की कार्य होतं, एक अंग कमी पडलं तरी होत नाही. दाताच्या बाबतीतली सामग्री अशी: दात, जिवाणू, साखर आणि वेळ.

पण नैयायिक इथे थांबत नाहीत. ते विचारतात, माती वाहून आणणारं गाढव घड्याचं कारण का नाही? गाढव हजर होतं ना! उत्तर असं, की त्याच्यावाचूनही घडा झाला असता. अशा हजर पण अनावश्यक गोष्टीला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. धुरीतून पडलेली ती अळी म्हणजे दंतरोगातलं गाढव. दिसली खरी, पण किडीशी तिचा संबंध नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. अग्नी जाळतो, पण जवळ चंद्रकांत मणी ठेवला तर जाळत नाही, असं जुनं उदाहरण आहे. मणी खरा की खोटा हा वाद बाजूला ठेवा. नैयायिक म्हणतात, मणी हा प्रतिबंधक आहे, आणि 'प्रतिबंधक नसणं' हेही सामग्रीचंच एक अंग मानलं पाहिजे. आता दाताकडे या. तोंडात प्रतिबंधक कोण? लाळ. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. पण झोपेत ती जवळजवळ थांबते. म्हणजे रात्री प्रतिबंधक गैरहजर. तेव्हा तोंडात गोड दुधाची बाटली धरून झोपलेलं मूल म्हणजे पूर्ण सामग्री. चमचाभर साखर सकाळी जे करत नाही, ते रात्री करते.

सामग्री जमत आली की काय होतं, ते बघायला फार लांब जायला नको. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे जव पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती होती. दगावलेल्या लहान मुलांना हे लोक दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात घरातल्या जमिनीखाली पुरत. त्या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. मुलांच्या दुधाच्या दातांवर त्यांना इनॅमल नीट न भरल्याच्या खुणा दिसल्या. इनॅमल घडत असताना मुलाला किंवा गर्भार आईला उपासमार, आजारपण भोगावं लागलं, तर त्याची नोंद दातावर राहते. आणि जिथे इनॅमल खडबडीत किंवा पातळ, तिथे जिवाणूंना थारा सोपा. म्हणजे 'दात' हे सामग्रीतलं अंगही आकाशातून पडत नाही, त्यात आईच्या ताटात काय होतं हेही येतं.

याच लुकाच यांनी २००८ मध्ये एक मोठा मुद्दा मांडला. जगभरच्या प्राचीन सांगाड्यांत, शेती आल्यावर, पुरुषांपेक्षा स्त्रियांचे दात जास्त किडलेले दिसतात. त्यांच्या मते शेतीबरोबर बाळंतपणं वाढली, आणि गरोदरपणात संप्रेरकं, लाळ, खाणंपिणं हे सगळं बदलतं, त्याचा हा परिणाम. आणि २०१३ मध्ये जुन्या दातांवरच्या कडक थरातले जिवाणूंचे अवशेष तपासून संशोधकांनी दाखवलं, की युरोपात शेती आल्यावर आणि पुन्हा औद्योगिक काळात, साखर-मैदा स्वस्त झाल्यावर, तोंडातली वस्तीच बदलली. म्यूटन्स बळावला तो अलीकडेच. आपल्या तोंडातले रहिवासी हा आपल्या बाजाराचाही इतिहास आहे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं योग्य होणार नाही. 'किती साखर' यापेक्षा 'किती वेळा आणि किती चिकट' हे महत्त्वाचं, हे ज्ञान आपल्याला मुख्यतः कुठून मिळालं? स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म या संस्थेतून. १९४५ नंतर तिथे मानसिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना जेवणाच्या मधल्या वेळांत मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या. काही गटांना दिवसाला चोवीस. त्यांचे दात किडतात का, हे बघण्यासाठी. त्यांची संमती नव्हती, आणि ते ती देऊही शकत नव्हते. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेनं फार बिघडलं नाही, मधल्या वेळच्या टॉफ्यांनी दात गेले. स्वीडनमध्ये पुढे 'गोळ्या फक्त शनिवारी' अशी रीत पडली, मुलांचे दात सुधारले. ज्ञान खरं आहे, उपयोगी आहे, आणि ते अन्यायातून आलं आहे. ही तिन्ही विधानं एकत्र धरायची सवय आपण लावून घ्यायला हवी. निदान ते ज्ञान वाया घालवू नये, एवढं आपल्या हातात आहे.

आता घरातलं बोलू. मूल चार वर्षांचं, दुधाची दाढ किडलेली. घरात दोन वाक्यं ऐकू येतात. आजी म्हणतात, 'अगं, पडणारेच दात ते, कशाला डॉक्टर?' आणि दुसरं कोणीतरी सुनेला म्हणतं, 'तूच लाडावून ठेवलंस.'

पहिल्या वाक्याचं उत्तर असं, की दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कामाला असतात. त्यांचं इनॅमल पातळ असतं, कीड लवकर आत शिरते, मूल दुखण्यानं जेवत नाही, झोपत नाही. दाढ अकाली काढावी लागली तर खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा आवळते.

दुसऱ्या वाक्याचं उत्तर जास्त महत्त्वाचं. म्यूटन्स बाळाच्या तोंडात बहुतेक वेळा सांभाळणाऱ्यांच्या लाळेतून जातो, पुष्कळदा आईकडूनच, हे खरं आहे. तोच चमचा चाटून बाळाला भरवणं टाळावं, हेही खरं. पण नैयायिकांचा धडा आठवा. सामग्रीतल्या एका अंगाला उचलून 'हेच कारण' म्हणणं हा विचारातला आळस आहे. त्या सामग्रीत आजोबांच्या खिशातली गोळी आहे, शाळेच्या दाराशी मिळणारा पाच रुपयांचा पुडा आहे, चहात बुडवलेलं बिस्कीट आहे, रात्री बाळ रडू नये म्हणून दिलेली बाटली आहे, कारण घरात तीनच माणसं आणि सकाळी ६:४० ची लोकल. आईला दोष दिला की बाकी सगळे सुटतात, आणि कीड चालूच राहते.

म्हणून मी विचारायचा प्रश्न बदलतो. 'दोष कोणाचा' असं न विचारता, 'सामग्रीतलं कोणतं अंग आपण हलवू शकतो' असं विचारा. जिवाणू पूर्ण घालवता येत नाहीत, घालवूही नयेत. दात बदलता येत नाहीत. हलतात त्या तीन गोष्टी. पहिली, वेळा. गोड खायचं तर जेवणाबरोबर, दिवसभर चघळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ चं सांगणं आहे, की वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, शक्य तर ५ टक्के, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. आपले चार कप गोड चहा मोजून बघा. दुसरी, रात्र. झोपण्यापूर्वी दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. तिसरी, फ्लोराइडची पेस्ट. फ्लोराइड इनॅमलमध्ये मिसळलं की ते आम्लाला जास्त टिकतं. पहिला दात दिसल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी, तिसऱ्या वर्षानंतर वाटाण्याएवढी. इथेही अती नको. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. आणि मशेरीनं दुखणं थांबतं म्हणून ती लावणाऱ्या आयाबायांना सांगा, की मशेरी म्हणजे तंबाखू. ती वेदना झाकते, कीड थांबवत नाही, वर कर्करोगाचा धोका देते.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे. 'सर, आमच्या घराण्याचेच दात कच्चे, मग उपाय काय?' दातांची घडण काही प्रमाणात आनुवंशिक असते, हे मान्य. पण घराण्यातून दातांबरोबर जिवाणूही येतात, आणि चहात साखर किती घालायची ही सवयही येते. पहिली गोष्ट तुमच्या हातात नाही, तिसरी आज संध्याकाळच्या चहापासून आहे. घरात सहा महिन्यांच्या पुढचं मूल असेल तर त्याचा वरचा ओठ उचलून हिरडीलगत पांढरा डाग दिसतो का, तेवढं बघा. दिसला, तर अजून वेळ गेलेली नाही. याच आठवड्यात त्याला तपासायला न्या.